रक्तातला शजरा

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला, असा त्यांचा सवाल होता. आम्ही खूप हसलो. पण हाच सवाल मोहल्ल्यातल्या बयानात ऐकला की आम्ही माना डोलावतो. हा दुटप्पीपणा आता पुरे.

पुरावा आमच्या घरातच आहे. १९८२ मध्ये जिवाणूंकडून तयार केलेले मानवी इन्सुलिन आले. त्याआधी साठ वर्षे जगभरचे मधुमेही गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. त्यांत मुसलमान होते, हिंदूही होते. जीव वाचवण्यासाठी ते घेतले, हे योग्यच झाले. पण ते माणसाला लागू का पडले, हे आम्ही विचारले नाही. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात. डुकराच्या आणि आमच्या इन्सुलिनमध्ये फरक फक्त एका ठिकाणी आहे, गायीच्या आणि आमच्या तीन ठिकाणी.

यावर ठरलेले उत्तर येते : बनवणारा एक, म्हणून साचा एक. हे उत्तर अपुरे आहे. पेशीला ऊर्जा मिळवून देण्याच्या कामातले सायटोक्रोम सी हे प्रथिन घ्या. माणसाचे सायटोक्रोम यीस्टमध्ये घातले तरी यीस्ट जगते. दोघांच्या प्रथिनांची रचना मात्र कितीतरी ठिकाणी वेगळी आहे. म्हणजे या कामासाठी रचना तंतोतंत सारखी असण्याची गरज नाही. तरीही त्याच्या १०४ अमिनो आम्लांत माणूस आणि चिंपांझी यांच्यात एकही फरक नाही. ऱ्हीसस माकडाशी एक फरक आहे, घोड्याशी बारा. प्रतीवरून प्रत उतरवताना फरक साचत जावेत, तसेच हे आहे. फिच आणि मार्गोलियाश यांनी १९६७ मध्ये केवळ या प्रथिनावरून सजीवांचा वंशवृक्ष मांडला. हाडे आणि जीवाश्म पाहून काढलेल्या वृक्षाशी तो बहुतांशी जुळला. हा योगायोग नव्हे, हे नाते आहे.

आम्हाला शजऱ्याचा मोठा अभिमान. अशराफ कोण, अजलाफ कोण, यावर आम्ही सोयरिकी मोडतो. कागदावरचा शजरा खोटा लिहिता येतो, पेशीतला नाही. आणि त्यात सय्यद आणि कसाई यांचे घराणे वेगळे निघत नाही.

२०१७ मध्ये तुर्कस्तानने शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढली. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून, भार कमी करण्याच्या नावाखाली, ती गेली. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे इथे एका बाकावर बसले आहेत. त्या बाकावर आम्ही बसणार नाही. ज्ञान शोधणे फर्ज मानणाऱ्यांनी पुस्तकाची पाने फाडू नयेत. आमच्या अंजुमनच्या शाळांनी हा धडा शिकवावा, मुलींना आणि मुलांना, मराठीतून आणि उर्दूतून. इन्सुलिनच्या एका अमिनो आम्लाने डळमळेल इतके आमचे ईमान कच्चे नाही.