शेजाऱ्याच्या आकड्यावर आपले घर मोजू नये



आपल्यापैकी अनेकांचे मुलगे-सुना, लेकी-जावई आज अमेरिकेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील उपनगरांत स्थायिक आहेत. तेथील बहुतेक घरांना तळघर असते. काही कुटुंबांत तेथेच सामायिक-स्वाध्याय होतो, तर काही ठिकाणी भारतातून गेलेल्या आई-वडिलांची निजण्याची सोयही तेथेच असते. म्हणून रेडॉन या वायूविषयी आज लिहीत आहे.

जमिनीतील युरेनियमचे विघटन होत असता हा किरणोत्सर्गी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पायाच्या भेगांतून व नळांभोवतीच्या फटींतून तो घरात शिरतो आणि तळघरात अधिक साचतो. थंडीत दारे-खिडक्या बंद असतात. तापलेली हवा वर चढते आणि तिच्या ओढीने जमिनीतील वायू आत येतो. दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसाचा कर्करोग संभवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू यामुळे होतात. त्यांतील सुमारे २,९०० व्यक्तींनी कधीही धूम्रपान केलेले नसते. निर्व्यसनी घरांनीही हा आकडा ध्यानात घ्यावा.

डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्राचे अभियंता स्टॅन्ली वॉट्रस कामावर येताच किरणोत्सर्ग तपासणारी घंटा वाजू लागली. शोध घेता दोष केंद्रात नव्हे, त्यांच्या घरात निघाला. तेथे रेडॉन प्रति लिटर सुमारे २,७०० पिकोक्युरी होता. उपाययोजना करावी असे जेथून सांगितले जाते, ती पातळी अवघी ४ आहे. उपाय केल्यावर ते कुटुंब त्याच घरात परतले.

पुष्कळांचा समज असा असतो, की शेजारच्या घरातील तपासणी चांगली आली म्हणजे आपलेही घर निर्धोक. परंतु पायाखालची माती, भेगा, बांधणी घरोघर निराळी असते. लागून असलेल्या दोन घरांतही मोठी तफावत आढळते. शेजारच्या पेढीची रोजकीर्द पाहून कोणी आपली शिल्लक लिहीत नाही. येथेही आपले घर आपणच मोजले पाहिजे.

तपासणी सोपी आहे. कोळशाच्या भुकटीचा छोटा संच बाजारात मिळतो. वापरातील सर्वांत खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघर व न्हाणीघर टाळून, तो सूचनेप्रमाणे काही दिवस ठेवावा आणि लगेच प्रयोगशाळेकडे पाठवावा. आधीचे १२ तास व तपासणी संपेपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात; ये-जा तेवढी करावी. आकडा ४ वा अधिक आला तर घाबरून न जाता पुन्हा तपासणी करावी. तोही तसाच आला, तर जाणकार कारागिराकडून जमिनीखालून नळी काढून पंख्याने तो वायू छपरावर सोडण्याची व्यवस्था करता येते. नवे घर घेताना तर ही तपासणी सौद्यापूर्वीच करून घ्यावी.

पाणी गाळून पिण्याची जयणा आपल्या घरात पिढ्यानपिढ्या आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्याचाही विचार करावा, हेच तिच्या मुळाशी आहे. पुढील वेळी मुलांशी बोलाल तेव्हा क्षेमकुशलाबरोबर एवढेही विचारावे : "तळघराची तपासणी केव्हा केली होती?"