रस्ता वाचता येतो काय?

वाहन चालविण्याचा परवाना हाती पडला म्हणजे वाहन चालविण्याची पात्रता अंगी आली, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात रूढ झाला आहे. महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले, की दरवर्षी पुण्याच्या रस्त्यांवर नवशिक्या चालकांची एक नवी फौज उतरते. पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात काढलेले ‘एल’ हे अक्षर तिचे निशाण. या फौजेशी आमचे वैर नाही. ज्या शहरात बसची वाट पाहण्यात विद्यार्थ्याचा पहिला तास बुडतो, तेथे त्याने दुचाकी जवळ केली तर त्यास दोष देणार कोण? आमचा प्रश्न निराळा आहे, आणि तो जितका या मुलामुलींना आहे, तितकाच त्यांच्या वडीलधाऱ्यांना आणि महानगरपालिकेलाही आहे. ज्या रस्त्यावर ही मुले उतरत आहेत, तो रस्ता त्यांना वाचता येतो काय?

डांबरावर आखलेल्या रेषा, कडेच्या खांबांवरील पाट्या आणि चौकातील तीन दिवे मिळून एक लिपी होते. तिची अक्षरओळख शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत तपासली जाते, हे खरे. परंतु ती कशी? संगणकाच्या पडद्यावर चिन्ह दिसते, खाली पर्याय असतात, उमेदवाराने त्यांतील एकावर बोट ठेवावयाचे. साठ टक्के उत्तरे बरोबर आली, की तो उत्तीर्ण. उरलेल्या चाळीस टक्क्यांत ‘प्रवेश बंद’ची पाटी निघाली तर काय, हा विचार नियम करणाऱ्यांच्या मनास शिवलेला दिसत नाही. २०२१ सालच्या जूनपासून ही परीक्षा महाराष्ट्रात घरबसल्या देण्याची सोय झाली आहे. हेलपाटे वाचले, ही गोष्ट चांगलीच झाली. पण हेलपाटे वाचविणे आणि शिकविणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. आम्ही पुष्कळ वर्षे फळ्यापुढे उभे राहिलो आहोत. पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा वाण्याच्या दुकानात सुट्या पैशांपाशी अडखळतो, हे आम्ही पाहिले आहे. त्याला पाढा येत असतो. पाढा कशासाठी आहे, हे कोणी सांगितलेले नसते.

पिवळ्या दिव्याचेच पाहा. तांबडा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, हे शाळेतले पोरही सांगेल. पिवळ्याचा अर्थ विचारला, तर परीक्षेत ‘थांबण्याची तयारी करा’ असे उत्तर मिळते आणि चौकात ‘वेग वाढवा’ असे! मुळात हा दिवा नंतर आला. जगातील पहिला वाहतूक सिग्नल १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ उभारला गेला. जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याची ती कल्पना. रात्रीसाठी त्यावर तांबडा व हिरवा असे दोनच गॅसचे दिवे होते, आणि १८६९ च्या आरंभी त्याचा स्फोट होऊन तो हाताळणारा पोलीस जखमी झाल्याने तो प्रयोग तेथेच आटोपला. तीन रंगांचा सिग्नल १९२० साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे विल्यम पॉट्स नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने बसविला. मधल्या रंगाची गरज का भासली? कारण धावते वाहन जागच्या जागी थांबत नाही.

येथे थोडे गणित करावयास हवे. वाचकांनी कंटाळू नये. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात १० मीटर अंतर तोडते. दिवा बदललेला डोळ्यांना दिसणे, मनाने निर्णय घेणे आणि पायाने वा हाताने ब्रेक दाबणे यांत एक सेकंद सहज जातो. म्हणजे १० मीटर तर नुसत्या विचारातच संपले. त्यापुढे ब्रेक बेताने दाबला, म्हणजे मागून येणारा आपल्यावर आदळणार नाही इतक्या बेताने, तर वाहन थांबण्यास आणखी सुमारे १७ मीटर लागतात. एकूण झाले २७. आता पिवळा दिवा ३ सेकंद राहतो असे धरू. तेवढ्या वेळात तेच वाहन न थांबता ३० मीटर जाते. याचा अर्थ स्पष्ट आहे. जो थांबरेषेपासून २७ मीटरांहून दूर आहे तो सुखाने थांबू शकतो, आणि जो त्याहून जवळ आहे तो तांबडा लागण्यापूर्वी रेषा ओलांडू शकतो. कायदाही हेच सांगतो, की पिवळा दिसताच थांबा. सुरक्षितपणे थांबणे अशक्य होण्याइतके जवळ आला असाल, तरच पुढे जा. ते तीन सेकंद कोणा कारकुनाने लहर लागली म्हणून ठरविलेले नाहीत.

हेच गणित ताशी ७२ किलोमीटरचे मांडून पाहा. विचारात २० मीटर, ब्रेकमध्ये सुमारे ६७. थांबावयास ८७ मीटर हवेत. तीन सेकंदांत वाहन जाते मात्र ६० मीटर. मधल्या २७ मीटरांच्या पट्ट्यात जो सापडला, त्याला धड थांबता येत नाही आणि धड पारही होता येत नाही. चौकातल्या अपघातानंतर ‘दिवा एकदम बदलला हो’ असे काकुळतीने सांगणारा तरुण पुष्कळदा खोटे बोलत नसतो. तो त्या पट्ट्यात सापडलेला असतो, आणि त्या पट्ट्यात त्याला त्याच्याच वेगाने नेऊन घातलेले असते. वेगमर्यादेची पाटी आणि पिवळा दिवा यांचे असे नाते आहे, हे वाहनशाळांतून किती शिक्षक समजावून सांगतात? क्लच सोडावयास शिकविणे आणि परवान्याच्या मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढून घेणे, येथेच बहुतेक ठिकाणी विद्या समाप्त होते.

रेषांविषयीचे अज्ञान तर याहून गाढ आहे. रस्त्याच्या मधली तुटक रेषा सांगते, की पुढचे मोकळे दिसत असेल तर ओलांडण्यास हरकत नाही. अखंड रेषा सांगते, ओलांडू नका. एक अखंड व एक तुटक अशा जोडरेषा असतील, तर आपल्या बाजूची जी रेषा, तिचे ऐकावयाचे. दोन्ही अखंड असतील, तर कोणीच ओलांडावयाचे नाही. धोक्याची जागा जवळ येऊ लागली, की तुटक रेषेचे तुकडे लांब होतात आणि मधली मोकळी जागा आखूड होते, ही गोष्ट तर वर्षानुवर्षे वाहन चालविणाऱ्यांच्याही ध्यानात आलेली नसते. वळणापलीकडचे चालकाला दिसत नाही. रेषा आखणाऱ्याने ते आधी जाऊन पाहिलेले असते. घाटात अखंड रेषा ओलांडून ट्रकच्या पुढे जाऊ पाहणारा मनुष्य स्वतःस धाडसी समजतो. वस्तुतः समोरून येणाऱ्या कोणा अनोळखी कुटुंबाच्या जिवावर त्याने तो जुगार मांडलेला असतो.

या साऱ्या रेषांत सर्वांत अधिक अवमान होतो तो थांबरेषेचा. झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे आखलेली ती जाड पांढरी आडवी रेषा. आमच्या अलका टॉकीज चौकात किंवा स्वारगेटला पाच मिनिटे उभे राहून पाहावे. तांबडा लागतो, पहिली दुचाकी रेषेवर थांबते, दुसरी तिच्या पुढे जाऊन पट्ट्यांवर, तिसरी पट्ट्यांच्याही पलीकडे. बिचाऱ्या पादचाऱ्याने जावयाचे कोठून? तो चौकाच्या मध्याकडे ढकलला जातो, म्हणजे नेमका तेथे, जेथे आडव्या रस्त्याची वाहने सुटलेली असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. रोजची सरासरी नव्वद. ही माणसे कोणत्याही शर्यतीत उतरलेली नव्हती. कोणी दूध आणावयास निघाले असेल, कोणी देवळात, कोणी शाळेत. त्यांच्यासाठी रस्त्याने राखून ठेवलेली जागा केवळ त्या पट्ट्यांची, आणि तीही आपण हिरव्याच्या आधी दोन हात पुढे असावे म्हणून बळकावून बसतो.

पाट्यांचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. गोल पाटी आज्ञा करते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती देते. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी आणि ‘वाट द्या’ची उलट्या त्रिकोणाची का, तर तिच्यावर चिखल उडाला वा कोणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचे पत्रक चिकटले, तरी आकारावरून ती ओळखू यावी! तरीही दोन चुका आम्हांला सर्वत्र दिसतात. एक तिरपी रेघ असलेली पाटी वाहन उभे करून ठेवण्यास मनाई करते; दोन रेघांची फुली असलेली पाटी क्षणभर थांबण्यासही मनाई करते. मुलाला शाळेच्या दारात उतरविण्यापुरतेदेखील तेथे थांबता येत नाही. दुसरी चूक डाव्या वळणाची. डावीकडे वळणे सदैव मोकळे असते, हा समज निराधार आहे. तशी पाटी किंवा हिरवा बाण नसेल, तर तांबडा दिवा डावीकडे वळणाऱ्यासही तितकाच लागू आहे. रात्री लुकलुकणाऱ्या पिवळ्याचा अर्थ वेग कमी करून सावधपणे जाणे, आणि लुकलुकणाऱ्या तांबड्याचा अर्थ पूर्ण थांबून, दोन्हीकडे पाहून मग निघणे.

मुंबईस जाणारा गृहस्थ रेल्वेच्या डब्यात निर्धास्त डोळे मिटतो. पुढे इंजिनात बसलेला चालक तांबडा सिग्नल ओलांडणार नाही, याची त्यास खात्री असते. तोच गृहस्थ स्थानकाबाहेर येऊन रिक्षात बसतो आणि सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यास म्हणतो, ‘चला हो, कोणी नाहीये.’ नवशिका चालक यातूनच शिकतो. परीक्षेत पाठ केलेले नियम त्याने पहिल्या आठवड्यात पाळून पाहिलेले असतात. तो रेषेमागे थांबतो, तेव्हा मागून भोंग्यांचा गजर होतो, आणि मागच्या आसनावर बसलेले वडील म्हणतात, ‘अरे, घे की पुढे!’ मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रे सिग्नलला जोडून पाहिली होती. भोंग्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की तांबड्याची उलटी गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू! शिक्षा मोठी मार्मिक होती. परंतु ज्यांच्या भोंग्यापायी नियम पाळणारा मुलगा ओशाळतो, ते बहुतेक प्रौढ व परवानाधारक नागरिक असतात, हे विसरून चालणार नाही. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकास २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंतची कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. मुलाला नियम मोडावयास शिकविणाऱ्या पालकासाठी कायद्यात कलम नाही.

आणि महानगरपालिका? जी लिपी वाचा म्हणून आपण मुलांना बजावतो, ती फळ्यावर धड लिहिलेली तरी आहे काय? एक पावसाळा गेला, की निम्मे पट्टे दिसेनासे होतात. जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी रस्ता खणला जातो, चर कसाबसा बुजविला जातो, आणि त्याबरोबर गेलेली रेषा पुन्हा उगवत नाही. रात्री रेषा चमकावी म्हणून रंगात काचेचे बारीक मणी मिसळतात व वरूनही पसरतात. त्यांत काटकसर झाली, की दिवसा पांढरी दिसणारी रेषा रात्री नाहीशी होते. काही ठिकाणी जुनी रेषा न खरवडता शेजारी नवी मारलेली आढळते, आणि मग कोणती खरी, हे ज्याने त्याने ठरवावयाचे! पुसट रेषेच्या रस्त्यावर शिकलेला मुलगा, रेषा ही शोभेची वस्तू आहे, एवढेच शिकतो. त्यावर दंडाची पावती फाडण्याचा नैतिक अधिकार मग कोणाला उरतो?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. परिवहन विभागाने पक्क्या परवान्याच्या चाचणीत उमेदवारास खऱ्या चौकात न्यावे आणि दिवा पिवळा झाल्यावर त्याने जे केले, ते का केले, हे विचारावे. वाहनशाळांच्या तपासणीत गाड्यांबरोबर तेथील शिक्षकांचीही तपासणी व्हावी. महानगरपालिकेने रस्ता खणणाऱ्याचे देयक, चराबरोबर रेषाही पूर्ववत झाल्याखेरीज मंजूर करू नये. ही अट निविदेतच घालता येईल, तिला वेगळा पैसा लागणार नाही. आणि शहरभर रंगकाम एकदम होणे शक्य नसेल, तर पाऊस ओसरताच शाळा, रुग्णालये आणि मंडई यांच्या समोरील झेब्रा पट्टे व थांबरेषा आधी माराव्यात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील, त्यापूर्वी हे काम उरकण्यास पुरेसे दिवस हाती असतात.