वायर सरळ घाला म्हणणाऱ्यांसाठी

"बेसला माईक कशाला? वायर सरळ मिक्सरात घाला, झालं काम." हे वाक्य मी गोव्यात ऐकलंय, कोल्हापुरात ऐकलंय आणि गेल्या मे महिन्यात बेळगुंदीतही ऐकलं. म्हणणारे वेगवेगळे होते, पण चेहऱ्यावरचा आत्मविश्वास तोच. शेवटी मनात आलं की आता यावर भांडायलाच हवं.

ज्यांना बेळगुंदी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या वाटेवरचं हे गाव. भात, रताळी, धो धो पाऊस आणि घरोघर मराठी. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा या गावांसारखं इथंही मराठी साहित्य संमेलन भरतं, गावकऱ्यांच्याच खिशातून. आणि भजन तर काय, रक्तातच. तर या गावातल्या काही पोरांनी चार अभंग रेकॉर्ड केले होते. हार्मोनियम, टाळ, पखवाज आणि सोबत बेस गिटार. आता काही सोवळ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. पखवाज वाजवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे, बेस वाजवणारा त्यांचाच नातू. आजोबांची हरकत नव्हती, तिथं तुमची कशाला?

बेस गिटार म्हणजे जाड चार तारांचं ते वाद्य. ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून एखादा न हसणारा माणूस ते वाजवत असतो. आमच्या गोव्यात ते घराघरातलं. मुंबईच्या सिनेसंगीतात पंचमच्या ताफ्यात टोनी वाझसारख्यांनी ते काय वाजवलं ते जाणकारांना सांगायला नको. त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. त्या सुराची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे बेळगुंदीतल्या कुठल्याही माजघरापेक्षा मोठी. असला सूर पकडायचा म्हणजे गंमत नव्हे.

शहरातल्या एका स्टुडिओत जाऊन ही पोरं ते चार अभंग करून आली होती. पैसे जमवून, एका दिवसात. मी ऐकले. गायक स्वच्छ, टाळ स्वच्छ, हार्मोनियम ठीक. आणि खाली सगळीकडे एक 'भुम्म'. सूर नाही, आकार नाही, नुसता भुम्म. पखवाजाची धूम कुठं संपते आणि बेस कुठं सुरू होतो ते कळायला मार्ग नाही. आजोबा मला म्हणाले, "नातू वाजीवतोय म्हंत्यात. मला तर काय ऐकू येईना." आजोबांच्या कानात काही दोष नव्हता. माझ्या फोनवर मलाही काही ऐकू येत नव्हतं.

तिथं काय झालं होतं ते पोरांनी सांगितलं. बेसची वायर सरळ मिक्सरात गेली. वायरीतून आला तो आवाज पातळ, तारेवर नख घासल्यासारखा. मग तो 'भारी' करायला खालचं बटण पूर्ण फिरवलं आणि तारांची करकर नको म्हणून वरचं बटण पूर्ण उतरवलं. मधलं जे काही होतं, म्हणजे ज्यात सूर ओळखू येतो ते, या ओढाताणीत मेलं. नातवानं कौतुकानं स्वतःचं कॅबिनेट टेम्पोतून नेलं होतं. (मी 'पेटी' म्हणणार होतो, पण बेळगुंदीत पेटी म्हटलं की हार्मोनियमच.) ते दिवसभर दाराबाहेर चपलांशेजारी पडून राहिलं. मला राग आला तो याचा.

माझं म्हणणं सरळ आहे. बेस गिटार आणि त्याचा स्पीकर मिळून एक वाद्य होतं. वायरीत येते ती तारांची हकीकत. आवाज तयार होतो पंधरा इंची कागदी शंकू हवा ढकलतो तेव्हा. तो शंकू वरची करकर आपणहून गाळतो, मधल्या पट्टीत थोडा गुरगुरतो, आणि त्या गुरगुरीमुळेच बेस 'बोलतो'. हे नुसतं रसिकाचं कौतुक नव्हे, यात व्यवहार आहे. गावातली माणसं हे अभंग ऐकणार कशावर? फोनवर. फोनच्या इवल्याशा स्पीकरातून ७० कंपनांचा सूर बाहेर पडूच शकत नाही. पण त्याच सुराचे वरचे सोबती, १४०, २१०, २८०, हे थोडेफार पोचतात आणि त्यांच्या आधारानं आपला मेंदू खालचा सूर आपणहून भरून घेतो. ते सोबती रेकॉर्डिंगमध्ये असले तर आजोबांना नातू ऐकू येईल. ते कापून खालचा दणका वाढवलात तर फोनवर बेस शून्य, आणि मोठ्या स्पीकरांवर छातीत धडकी.

आणि हो, या धडकीबद्दलही बोलायला हवं. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात मिरवणुकीतल्या त्या स्पीकरांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. ज्या कंपनीचं ते नाव, तिचा या भिंतीशी काय संबंध ते देव जाणे. या डॉल्बीनं आपल्या दोन पिढ्यांचे कान असे करून ठेवलेत की बेस म्हणजे धक्का, एवढंच आपल्याला समजतं. बेस म्हणजे आधी सूर, हे विसरलोच. काळी एकमध्ये गाणं असेल तर बेसचा षड्ज ६९ कंपनांच्या आसपास, आणि पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून तेही खालच्या षड्जाकडेच नेलेलं. दोघं एकाच जागी उभे. अशा वेळी दोघांनाही फुगवणारा रेकॉर्डिस्ट म्हणजे एका पाटावर दोन नवरदेव बसवणारा भटजी.

मग मी काय केलं? शहाणपणा करायला गेलो. गोव्याहून चोर्ला घाटातून दोन माईक घेऊन. एक शुअर एसएम ५७, आणि एका मित्राकडून हातापाया पडून आणलेला सेन्हायझर एमडी ४२१, जो १९६० पासून जगभर ढोलापुढे, ट्रम्पेटपुढे आणि बेसपुढे उभा आहे. देवळाशेजारच्या एका खोलीत कॅबिनेट मांडलं. पहिला प्रयत्न साफ फसला. आवाज पातळ, खालचं काहीच नाही. पंधरा मिनिटं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. या माईकच्या शेपटीशी एक फिरती कडी असते, एका टोकाला 'एम', दुसऱ्याला 'एस'. जर्मन भाषेत एम म्हणजे संगीत, एस म्हणजे बोलणं. मित्रानं शेवटी कुणाचं तरी भाषण घेतलं असावं, कडी एसवर. आणि तिथं ती खालचे सूर मुद्दाम कापते. दुसऱ्यांना उपदेश करायला निघालेल्या माणसानं आधी कडी बघावी, एवढं मी शिकलो.

आता जागा. याबद्दल जगात पोथ्या लिहिल्या गेल्यात, पण खरी पोथी म्हणजे गुडघे. नातवाला म्हटलं, हळू वाजव, आणि मी कॅबिनेटपुढे गुडघे टेकून, एका कानात बोट घालून, दुसरा कान स्पीकरसमोर फिरवत बसलो. (कानाचं भलं चाहत असाल तर आवाज अगदी कमी ठेवूनच हे करा.) मध्यावरच्या टोपीसमोर आवाज कडक, बोटांची टकटक स्पष्ट. कडेला सरकावं तसा तो मऊ, गोल होत जातो; अगदी काठावर पुन्हा चिखल. टोपी संपून शंकू सुरू होतो त्या रेषेवर मला नातू सापडला. माईक तिथं, जाळीपासून चार बोटं अंतरावर. त्याहून जवळ चिकटवला की असले माईक खालचा आवाज आपसूक फुगवतात. गायकाला माईक ओठाशी धरल्यावर जो भारदस्तपणा येतो, तोच हा. आधीच जाड असलेल्या बेसला आणखी जाडी देऊन पखवाजावर कशाला ढकलायचं? एक वीतभर मागे नेऊन पाहिलं तर खोली बोलू लागली. खोली तीन मीटर रुंद. असल्या खोलीचा स्वतःचा एक सूर असतो, ५७ कंपनांच्या आसपास, आणि बेसची मोकळी 'ए' तार ५५ची. त्या तारेला हात लागला की खोली अंगावर यायची. म्हणून पुन्हा चार बोटं. कॅबिनेट फरशीवरून उचलून दोन पाटांवर ठेवलं आणि कोपऱ्यातून बाहेर ओढलं. एवढ्यावर अर्धा भुम्म गेला. बटणाला हात न लावता.

महागडे माईक हवेत, ही आणखी एक पळवाट. चांगले माईक आहेतच: इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २० जवळ नेला तरी फुगत नाही, एकेजीचा डी ११२ बेस ड्रमसाठी प्रसिद्ध. पण १९६६ साली 'पेपरबॅक रायटर' या गाण्याचा बेस घ्यायला बीटल्सच्या इंजिनिअरांनी चक्क एक मोठा स्पीकर उलटा जोडून माईक म्हणून कॅबिनेटसमोर उभा केला होता. हातात असेल त्यातून मार्ग काढायचा, पण कान लावून. एसएम ५७नेही काम झालं असतं, थोडं वेगळं.

वायरवाल्यांवर अन्याय नको. वायर मीही लावली, माईकच्या जोडीला. अमेरिकेत मोटाउनच्या गाण्यांतला जेम्स जेमरसनचा अजरामर बेस वायरीतूनच गेलेला आहे. पण तिथं पलीकडे ऐकणारा बसलेला होता. दोन्ही एकत्र करताना एक खोच असते: माईकचा आवाज वायरीपेक्षा उशिरा पोचतो. तीस सेंटिमीटरला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित कमी. एवढ्याशा उशिरानंही मधल्या पट्टीतले काही सूर एकमेकांना खातात. म्हणून संगणकावर दोन लाटा शेजारी ठेवून एक थोडी सरकवायची, उलटसुलट करून कशानं आवाज भरतो ते ऐकायचं. पाच मिनिटांचं काम. ते करायचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्याला नाव दिलंय 'आजकाल सगळे असंच करतात'.

एक युक्तिवाद मला विशेष झोंबतो. "आपलं संगीत शब्दप्रधान, बेसचं काय एवढं?" म्हणणारे आपलेच मराठी लोक. सीमाभागातली पोरं १९५६ पासून तिसऱ्या-चौथ्या पिढीत मराठी टिकवताहेत, पदरमोड करून गाताहेत, आणि आपण त्यांना सांगायचं की शब्द कळले ना, मग पुरे? त्याच फोनवर अंगठा सरकवला की कन्नड, हिंदी, पंजाबी गाणी भरल्या आवाजात वाजतात. पोरगा तुलना करणारच. आणि मग त्याला वाटणार की आपल्या भाषेतलंच गाणं पोचट असतं.

दिवसभरात तीन अभंग नव्यानं झाले. आजोबांनी फोन कानाशी धरून ऐकले, मधेच थांबवून म्हणाले, "हितं पोरगं आधी येतंय की!" खरंच येत होता, सम यायच्या किंचित आधी. पहिल्या रेकॉर्डिंगमध्येही येत असणार, फक्त ऐकू येत नव्हता. नातवाचं तोंड पडलं, पण त्यानं तेवढा तुकडा पुन्हा वाजवला. चौथ्या अभंगाला हात घातला आणि लाईट गेली, ती रात्रीपर्यंत आली नाही. मला घाट उतरायचा होता. तो अभंग अजून वायरवरचाच आहे.