बाहीचे बटण : कापडाचे की धातूचे?

शर्टाच्या बटणाला आपल्या भागात नावे किती! शाळेत शिकलेले बटण, आजीच्या तोंडची गुंडी, आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरलो की बुतांव. कन्नडमध्येही गुंडीच. फक्त तिथे गुंडी म्हणजे रस्त्यातला खड्डाही, त्यामुळे ‘गुंडी बिद्दद’ असे कोणी म्हणाले की शर्टाकडे पाहायचे की रस्त्याकडे, हे प्रसंगावरून ओळखावे लागते. बुतांव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे ऐकताच कळते. पण बटण ज्यात अडकते ते ‘काज’ही तिकडचेच. पोर्तुगीज भाषेत ‘काझा’ म्हणजे घर. बटणाचे घर ते काज. मराठी शिंपी, कन्नड शिंपी, दोघेही रोज पोर्तुगीज बोलतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

आजचा विषय मात्र मनगटावरच्या बटणाचा आहे. नेहमीच्या शर्टाच्या कफाला एका कडेवर बटण आणि दुसऱ्या कडेवर काज असते. कफलिंकच्या शर्टाला दोन्ही कडांवर काजच असते, बटण शिवलेले नसते. दोन्ही काजांतून ओवून कडा एकत्र धरणारी सुटी वस्तू म्हणजे कफलिंक. ती धातूची असते हे सर्वांना ठाऊक आहे. कापडाची किंवा रेशमी दोऱ्याच्या गाठीचीही असते, हे आपल्याकडे फारसे माहीत नाही. पॅरिसच्या शार्वे या शर्टांच्या जुन्या पेढीने 1904 च्या सुमारास अशा रेशमी गाठी विकायला काढल्या. दोन छोटे गोंडे आणि मध्ये दोरी, बस्स. साहेबी रिवाजात तेव्हापासून एक ढोबळ वाटणी आहे. दिवसाच्या, साध्या वेळेला गाठ. संध्याकाळच्या समारंभाला धातू.

ही वाटणी आपल्याला तशीच्या तशी लागू होत नाही. आपल्याकडे दिवस-रात्रीपेक्षा देव, पाहुणे आणि दुखवटा यांचा हिशेब मोठा.

हे मी अनुभवाने म्हणतो. माझी थोरली बहीण डिचोली तालुक्यातल्या शिरगावात दिलेली. 2025 च्या मे महिन्यात तिच्या मुलाचे लग्न ठरले होते. मुलगी गोकाककडची, घरची भाषा कन्नड. बोलणी चालू असताना बीगरू, म्हणजे आमचे होणारे व्याही, मोठ्या प्रेमाने म्हणाले, “अळियगे बंगारद गुंडी कोडतेवि.” जावयाला सोन्याची बटणे देतो. आपल्याकडे सदऱ्याला साखळीने जोडलेली सोन्याची बटणे घालायची जुनी हौस आहेच. भाचा सदरा घालणारा नव्हे, स्वागत समारंभाला सूट. तेव्हा सदऱ्याच्या बटणांऐवजी सोन्याचे कफलिंक असा तोडगा कोणीतरी काढला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

एप्रिल 2025 मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाला टेकला होता. व्याही शेतकरी माणूस, धाकटी मुलगी अजून शिकते आहे. जो दागिना कोटाच्या बाहीतून अर्धा इंच बाहेर दिसणार आणि वर्षातून एकदा कपाटाबाहेर येणार, त्यासाठी त्यांनी एवढे सोने मोडायचे? आपण मागितले नाही, त्यांनीच देऊ केले, हे म्हणणे सोयीचे असते. देऊ करणाऱ्याला ‘नको’ म्हणायचे काम वरपक्षाचेच. वधूपिता एकदा शब्द देऊन बसला की त्याला मागे येता येत नाही. बहिणीला हे पटत होते, पण नको म्हटले तर त्यांचा अपमान होईल, ही धास्तीही होती.

तेवढ्यात शिरगावची जत्रा आली. वैशाख शुद्ध पंचमीची लईराईची जत्रा आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. व्रतस्थ धोंड, हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याचे हार, आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणे. त्या वर्षी 3 मेच्या पहाटे गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. लग्न पंधरा दिवसांवर होते. ते पुढे ढकलले नाही, पण बहिणीच्या सासऱ्यांनी एवढेच सांगितले की यंदा गावात चकचकाट नको. वाजंत्री एक, रोषणाई नाही. मग बोलणे आपोआप नवऱ्या मुलाच्या बाहीवर आले.

आपल्या जुन्या पोशाखांकडे पाहिले तर यात नवे काही नाही. देवासमोर आपला माणूस बटण लावून उभाच राहत नाही. सोवळ्यात शिवलेले वस्त्र नसते, मग काज कुठले? होमकुंडाकडे निघालेल्या धोंडाच्या दंडा-मनगटावर कसली आली बाही? जिथे शिवलेला अंगरखा चालतो तिथेही जुना मान बटणाला नाही, बंदाला आहे. सोलापूरला मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वज पेलणारे आणि त्यांच्यामागून चालणारे हजारो भक्त पांढरी बाराबंदी घालतात. कापडाच्या बंदांनी गाठी मारून बांधायचा तो पोशाख. त्या मिरवणुकीत घरी कन्नड बोलणारे आहेत, मराठी बोलणारे आहेत, कारखानदार आहेत आणि गिरणीतून निवृत्त झालेलेही आहेत. बाराबंदीच्या गाठीवरून त्यांतला श्रीमंत कोण ते ओळखून दाखवा! सोन्याच्या बटणावरून ते दहा पावलांवरून कळते. धातूच्या बटणाचे कामच ते आहे, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त ते कधी दाखवायचे याचे भान हवे.

तोडगा शेवटी बायकांनी काढला. मुलीच्या आईने गुळेदगुड्डचा खण पाठवला. बागलकोट जिल्ह्यातला हा खण आपल्या दोन्ही भाषांच्या घरांत चोळीसाठी पिढ्यान्पिढ्या येत आला आहे, ओटीतही तोच. मुलीच्या चोळीसाठी कापड बेतून उरलेल्या तुकड्यातून शिंप्याने कापड मढवलेली चार बटणे केली. अशी बटणे मढवून देणारे कारागीर कुठल्याही मोठ्या बाजारपेठेत दोर-बटणांच्या दुकानाजवळ सापडतात. मागे कडी असलेली दोन बटणे घ्यायची, मध्ये जाड रेशमी दोऱ्याचा अर्ध्या इंचाचा दुवा घालायचा, की झाला एका हाताचा कफलिंक. खर्च चहा-भज्यांइतका. व्याह्यांचा मान राहिला, कारण वस्तू त्यांच्याच घरून आली होती. सोने धाकटीच्या नावाने राहिले. स्वागत समारंभात नवरीच्या चोळीचा आणि नवऱ्याच्या बाहीचा खण एकच आहे, हे ज्यांना कळले त्यांनी कौतुक केले. ज्यांना नाही कळले त्यांचे काही बिघडले नाही.

म्हणून धातू टाकाऊ ठरतो असे नाही. बहिणीच्या घरात सासऱ्यांच्या वडिलांची, पोर्तुगीज अमलातली चांदीची जोडी आहे. त्या काळी कचेरीत कोट घालून जावे लागे. ती जोडी भाच्याने पुढे दिवाळीत घातली. वारशाने आलेला धातू जरूर घालावा. त्यात कोणाकडून काही उकळलेले नसते. नवा घ्यायचाच असेल तर साधी चांदी किंवा स्टील घ्यावे, वर नक्षी कमी. टायच्या डब्यात फुकट येणारे, काचेचा खडा बसवलेले कफलिंक मात्र माझ्या मते कोणत्याच प्रसंगाला शोभत नाहीत. त्यांचा मुलामा आपल्या उन्हाळ्यात दोन लग्ने टिकत नाही. घामाने खालचे पितळ उघडे पडते आणि पांढऱ्या कफावर हिरवट डाग धरतो. काहींना निकेलची खाज येते, तीही याच मालाने.

महाविद्यालयातली मुले मुलाखतीला जाताना विचारतात, “सर, कफलिंक लावू का?” पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला नेहमीचा बटणाचा शर्ट पुरतो. समोरच्याचे लक्ष तुमच्या उत्तरांवरून मनगटाकडे जावे असे तुम्हाला वाटते का? लावायचाच तर गडद निळी गाठ. सांत्वनाला जाताना धातू नकोच. पदवीदान, नाट्यसंमेलन, साखरपुडा, इथे कापडी जोडी बरी दिसते आणि टेबलावर हात टेकला तरी खणखणत नाही. वरात आणि रात्रीची मेजवानी यांना चांदी.

शिंप्याला आधी सांगायला विसरू नका: कफाच्या दोन्ही कडांना काज हवे आणि कफ दुमडून दुहेरी हवा. एकेरी, मऊ कफावर जड धातू लोंबतो आणि काज फाटते. कापडी जोडी हलकी, ती एकेरी कफावरही नीट बसते. ती धुण्यात टाकू नका, खणाचा रंग कफावर उतरतो. लवचिक दोरी असेल तर वर्षभरात सैल पडते, तेव्हा एक जादा जोडी शिवून ठेवलेली बरी. चांदीची जोडी काळी पडू नये म्हणून डबीत खडूचा तुकडा टाकावा. आमच्या घरी निदान खडूला तोटा नाही.