पथ्याला ईदनंतर सुट्टी?

रमजान सुरू झाला की जळकोटच्या बाजारात खजूर आणि फळांच्या गाड्यांभोवती संध्याकाळची गर्दी वाढते. त्या गर्दीत एक ग्राहक हमखास असतो. तो रोजाही ठेवतो आणि 'शुगर'ची गोळीही घेतो. भात कमी करा, साखर बंद करा, असे डॉक्टर त्याला वर्षभर सांगत असतात आणि वर्षभर ते जमत नाही. रमजानमध्ये मात्र सकाळचा चहा-बिस्किट, दुपारचा भात, येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा आपोआप थांबतो. वजन उतरते, कपडे सैल होतात. मग ईद येते, शीरखुर्म्याची वाटी येते, पाहुण्यांची ये-जा आठवडाभर चालते आणि बकरी ईद येईपर्यंत सगळे पूर्ववत होते.

शेजारच्या घरातही हेच घडते, फक्त महिना वेगळा असतो. श्रावणात कडक, गणपतीत मोदक. नवरात्रात नऊ दिवस उपास, दिवाळीत फराळ. व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले याच प्रकाराला 'लो-कार्ब' म्हणतात. दोन महिने भात-पोळी बंद, लग्नसराईत सगळे सुरू, मग पुन्हा बंद. धर्म, वय आणि शब्द वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे. पथ्याची अशी धरसोड करत राहावे, की एकदा धरलेले पथ्य कायम पाळावे?

हा प्रश्न लातूर जिल्ह्याला परका नाही. महाराष्ट्रभर ज्याला 'दीक्षित डाएट' म्हणतात, ते लोकांपर्यंत नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित हे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून त्यांनी ही पद्धत पुढे आणली. कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा निवडायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मधल्या वेळेत काही खायचे नाही आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना स्थूलपणाविरोधी मोहिमेचे दूत केले. त्याच काळात दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे, आपल्या मातीतले खा, असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या सल्ल्याशी त्याची तुलना होऊन घरोघरी वाद रंगले. वादात दोन वेळा की आठ वेळा यावर खूप बोलले गेले. जे धरले ते किती दिवस टिकले, हे मात्र फार थोड्यांनी विचारले.

मुळात कर्बोदके कमी केली की पहिल्याच आठवड्यात काटा खाली का जातो, हे समजून घ्यायला हवे. आपले शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत 'ग्लायकोजेन' या रूपात ठेवते. तो साधारण अर्धा किलोच्या आत-बाहेर असतो. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. भात-भाकरी एकदम कमी केली की हा साठा खर्च होतो आणि त्याबरोबरचे पाणीही निघून जाते. म्हणून पहिले एक-दोन किलो झटपट उतरतात. पुन्हा पोटभर भात सुरू झाला की साठा भरतो, पाणी परत येते आणि काटा वर जातो. धरसोड करणाऱ्याला वाटते, चार दिवसांत उतरले आणि चार दिवसांत चढले. त्यात चरबीचा वाटा फार थोडा असतो. ती हळू जाते आणि तिला महिने द्यावे लागतात.

रमजानमधल्या वजनाचेही असेच आहे. या विषयावरील ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रमजानमध्ये सरासरी सव्वा किलोच्या आसपास वजन उतरते आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातले निम्म्याहून अधिक परत येते, असे त्यात दिसले. रोजा वजन उतरवण्यासाठी नसतोच. तो इबादत आहे. पण महिनाभराच्या रोजांनी मधुमेहाचा हिशेब मिटला असे मानून जो शव्वालमध्ये हात सैल सोडतो, त्याच्यासाठी ही आकडेवारी पुरेशी बोलकी आहे.

मग धरसोड सरसकट वाईट ठरते का? तसेही नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५१ लठ्ठ पुरुषांवर एक प्रयोग केला होता. एका गटाने १६ आठवडे सलग कमी खाल्ले. दुसऱ्या गटाने दोन आठवडे कमी खाल्ले, दोन आठवडे विश्रांती घेतली आणि असे करत १६ आठवडे पूर्ण केले. विश्रांती घेणाऱ्यांचे वजन जास्त उतरले: १४ किलो, तर सलग गटाचे ९ किलो. हा प्रयोग सांगून पथ्य मोडणाऱ्यांचे समर्थन करता येईल, पण त्यातली एक अट वगळून चालणार नाही. विश्रांतीच्या दोन आठवड्यांत त्या माणसांना मनाला येईल तसे खाण्याची मुभा नव्हती. वजन आहे तेवढे राहील, इतकेच मोजून अन्न त्यांना मिळत होते. सुट्टीलाही नियम होता.

इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे पथ्याच्या दिवसाला नियम असतो आणि सुटीच्या दिवसाला काहीच नसतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मराठी माणसाने स्वतःकडे बघूनच केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि रताळे, असा उपास मधुमेह्याच्या रक्तात जेवणापेक्षा जास्त साखर चढवू शकतो. इफ्तारच्या दस्तरखानावरची भजी, समोसे आणि गोड सरबताचे दोन ग्लास हा त्याच म्हणीचा उर्दू अनुवाद म्हणावा लागेल.

दोन्ही परंपरांत याचे उत्तर आधीपासून आहे. इस्लाममध्ये रमजानबाहेरच्या ऐच्छिक रोजांत हजरत दाऊद यांची पद्धत श्रेष्ठ मानली गेली आहे: एक दिवस रोजा, एक दिवस नाही. म्हणजे आलटून-पालटूनच, पण ठरलेल्या तालात. सोमवार-गुरुवारचे रोजे, ईदनंतर शव्वालचे सहा रोजे हेही तसेच. वारकऱ्यांची एकादशी दर पंधरवड्याला येते, वर्षातून एकदाच येऊन जात नाही. थोडे असले तरी सातत्याने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, हा सल्लाही फक्त रमजानपुरता दिलेला नाही.

मधुमेह्यांच्या बाबतीत धरसोडीचा धोका वजनापुरता राहत नाही. ताट बदलते, पण गोळी तीच राहते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी माणूस जेवला की नाही हे पाहत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. भात-भाकरी बंद केलेल्या आठवड्यात किंवा रोजात तीच मात्रा चालू ठेवली तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ आणि बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांबरोबर अतिकडक लो-कार्ब केले तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. उलट, पथ्य सुरू असताना डॉक्टरांनी गोळी कमी केलेली असते. पुढे पथ्य सुटते, पण गोळी कमीच राहते. साखर चढत जाते आणि माणसाला कळतही नाही. तेरा देशांतील सुमारे १२ हजार मधुमेही रुग्णांचा रमजानमधला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहींत साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण दर १०० रुग्णांमागे महिन्याला ०.४ वरून ३ वर, म्हणजे साडेसात पट झाले होते.

म्हणून आजारी आणि प्रवासी यांना रोजातून सवलत आणि नंतर भरून काढण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. ती घेणे म्हणजे ईमानात कमी पडणे नव्हे. ज्यांना डॉक्टरांनी रोजा ठेवण्यास हरकत घेतलेली नाही, त्यांच्यासाठीही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. 'लोक काय म्हणतील' म्हणून संध्याकाळपर्यंत थरथरत बसणारे वडीलधारे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. घरातल्या मुलांनी ही गोष्ट त्यांना अदबीने पण ठामपणे सांगायला हवी.

आता दुसरी बाजू. एकदा धरले की मरेपर्यंत सोडायचे नाही, असा हट्टही शहाणपणाचा नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवले. एक गट कमी कर्बोदकांचा, दुसरा कमी स्निग्धांशाचा. वर्षाअखेर सरासरी सहा किलो विरुद्ध सव्वापाच किलो वजन उतरले. फरक नगण्य होता. २०१८ मध्ये आलेल्या या निष्कर्षाचा सरळ अर्थ असा की ज्याला जे वर्षभर पाळता येईल ते त्याच्यासाठी चांगले. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील 'डायरेक्ट' अभ्यासात कमी उष्मांकाच्या आहाराने ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधाविना आटोक्यात आला. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्के राहिले. ज्यांचे वजन परत वाढले, त्यांची साखरही परत आली.

वर्षभर पाळता येण्याचा प्रश्न जळकोटमध्ये पैशाचाही आहे. पनीर, बदाम आणि लोण्यावर चालणारे 'कीटो' मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाही आणि दिवसभर रानात राबणाऱ्याला त्याची गरजही नाही. भाकरी म्हणजे लो-कार्ब, हा समजही सोडायला हवा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकेच असतात. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तिच्यात तंतू कितीतरी जास्त, एवढा फायदा नक्की आहे. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्याच पाहणीतल्या संशोधकांनी मधुमेहींसाठी हा वाटा ५० टक्क्यांच्या आसपास आणावा आणि प्रथिने वाढवावीत, असे सुचवले. म्हणजे भात-भाकरी हद्दपार करायची नाही. तीन भाकरींच्या जागी दीड, आणि उरलेल्या जागेत घट्ट वरण, मटकीची उसळ, अंडे, शेंगदाणे, अंबाडी-मेथीची भाजी. तूर आणि सोयाबीन ही तर या जिल्ह्याची पिके आहेत. शेतकरी सोयाबीनचे पोते आडतीवर घालतो आणि घरी परतताना साखरेची पिशवी आणतो, हे चित्र बदलता येण्यासारखे आहे.

पथ्य पाळणारा घरातला पुरुष असतो आणि पथ्य शिजवते बहुधा बाई. पहाटे सहरला उठून सगळ्यांसाठी रोटी-सालन, 'त्यांच्यासाठी' वेगळे, संध्याकाळी इफ्तारला पुन्हा वेगळे, असा बेत वर्षभर चालू शकत नाही. एका माणसासाठी वेगळी चूल लावलेले पथ्य लवकर मोडते. घट्ट वरण आणि कमी भात सगळ्या घराने खाल्ला तर तो टिकतो, आणि त्या बाईच्या साखरेचाही विचार होतो, जो एरवी कुणी करत नाही.

मग ईदच्या दिवशी काय करायचे? शीरखुर्मा खायचा. वर्षातून एकदा येणाऱ्या वाटीने मधुमेह बिघडत नाही. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक घरी घेतलेल्या वाटीने बिघडतो. सणाचे दिवस आधीच मोजून ठरवावेत: दोन ईदा, दिवाळी, घरातले एखादे लग्न. त्या दिवशी गोड जेवणाबरोबरच घ्यावे, अधूनमधून नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या ताटावर परत यावे. इफ्तारला एक-दोन खजूर, पाणी, मग नमाज आणि नंतर साधे जेवण, ही जुनी पद्धत तज्ज्ञांच्या सल्ल्याशीही जुळते.

तपासणीपूर्वी चार दिवस पथ्य करून डॉक्टरांना चांगला आकडा दाखवण्याची हुशारीही सोडावी. उपाशीपोटीची साखर चार दिवसांत फसवता येते. 'एचबीएवनसी' मात्र मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. ही तपासणी ईदनंतर तीन महिन्यांनी करावी. रमजान किती चांगला गेला हे त्यातून कळणार नाही, रमजाननंतर काय चालले होते ते कळेल. आणि पुढच्या वर्षी रमजान दहा-अकरा दिवस आधी येईल, त्याच्या दीड-दोन महिने अगोदर उदगीर, लातूर जिथे उपचार चालू असतील तिथे जाऊन गोळीची मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी. श्रावणाआधी आणि नवरात्राआधी शेजाऱ्यांनीही हेच करायला हवे.