फवारणाऱ्याचा सातबारा कुठे आहे?

जुलै उजाडला की नांदेडच्या किनवट-माहूर-हदगाव पट्ट्यात कापसावर आणि लातूरच्या औसा-निलंगा-रेणापूर भागात सोयाबीनवर फवारणी सुरू होते. त्यासोबत पत्रकेही येतात. हातमोजे घाला, मास्क लावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, उपाशीपोटी फवारू नका. पत्रकात चूक काहीच नाही. पण ते लिहिलेले असते 'शेतकरी बंधूंनो' असे म्हणून. पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरणारा माणूस अनेकदा शेतकरी नसतोच. तो बौद्ध, मातंग, बंजारा, आदिवासी वस्तीतला भूमिहीन मजूर असतो. त्याला पाणी आणून देणारी आणि संध्याकाळी विषाने भिजलेले कपडे हाताने धुणारी बाई तर पत्रकातच काय, कोणाच्या बोलण्यातही नसते.

2017 साली यवतमाळमध्ये काय झाले ते किनवट-माहूरच्या लोकांना सांगावे लागत नाही, तो जिल्हा त्यांच्या शेजारचाच. त्या हंगामात एकट्या यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. कापूस डोक्याएवढा वाढलेला, उकाडा भयंकर, पंपाचा फवारा बारीक धुक्यासारखा आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली. आणि चर्चा मात्र एकाच वाक्यावर येऊन थांबली : मजुरांनी सुरक्षा साधने वापरली नाहीत.

आम्ही विचारतो, ती साधने दिली होती कोणी? टाकीमागे पैसे मिळणारा मजूर स्वतःच्या कमाईतून चष्मा, मास्क, गमबूट घेणार आहे का? जातीने शतकानुशतके घाणीची आणि धोक्याची कामे ठराविक माणसांच्या अंगावर टाकली. मेल्यावर दोषही त्यांच्याच माथी मारायचा, ही त्याच व्यवस्थेची सवय आहे.

आता कायदा पाहू. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याचे नियम 1971 चे. या नियमांत संरक्षक कपडे आहेत, श्वसनाची साधने आहेत, प्रथमोपचार, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, सगळे आहे. डब्यावर रंगीत त्रिकोण हवा : लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. वाचून बरे वाटते. पण याच कायद्याचे कलम 38 सांगते की स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. कारखाना, दुकान आणि पेस्ट कंट्रोलवाला कायद्यात आला. शेत बाहेर राहिले. मालकाने मजूर लावला तरी वापर माझ्याच जमिनीवर झाला, असे म्हणून त्याला हात झटकता येतात. ज्या जागी सर्वांत जास्त विष माणसाच्या अंगावर पडते, तिथेच कायदा बांधावर थांबतो.

बरे, माणूस मेला तर? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. तिच्यात कीटकनाशकाची विषबाधा बसते, मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. पात्र कोण? वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. म्हणजे सातबारा दाखवा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून आमची माणसे जमीन मागत आली, मराठवाड्यात गायरान कसत आली. ज्याच्या नावावर गायरानाचा तुकडाही लागला नाही त्याने खाते उतारा कुठून आणायचा?

एक दार मात्र उघडे आहे आणि ते आमच्याच लोकांना माहीत नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या (तो आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) अनुसूचीत शेतीत कीटकनाशक फवारणारा कामगार येतो. तिथे सातबारा लागत नाही, मालक-मजूर हे नाते सिद्ध करावे लागते. अडचण नेमकी तिथेच आहे. हजेरीपत्रक नसते, उचल तोंडी घेतलेली असते, आणि उद्याचे काम त्याच मालकाकडे मागायचे असते. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. मजुराचे हक्क मालकाच्या दयेवर सोडायचे नसतात, हे त्यांच्या अनुयायांना तरी वेगळे सांगायला नको.

काही जण म्हणतील, तुम्ही कोरडवाहू शेतकऱ्यालाच आरोपी करता. दोन एकरवाला स्वतःच पंप घेतो, तोही उधारीवर दुकानदार देईल ते औषध मारतो आणि तोही मरतो. हे खरे आहे, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण पाच-दहा मजूर लावणाऱ्या बागायतदाराला याच दोन एकरवाल्याच्या आडोशाला उभे राहू देणार नाही. मजुरी देऊन फवारणी करून घेतली तर कलम 38 ची सूट संपली पाहिजे. साधने मालकाने किंवा औषध विकणाऱ्या कंपनीने द्यावीत. अपघात योजनेत फवारणी मजूर घ्यावा.

आणखी एक कलम आहे, 26. विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याची सक्ती राज्य सरकार अधिसूचनेने करू शकते. नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ही नोंद सक्तीची आणि जाहीर असली पाहिजे. गावात विषाला 'औषध' म्हणतात. केसपेपरवर नुसते 'औषध पोटात गेले' किंवा 'विष घेतले' लिहिले गेले, तर फवारणीत पडलेला मजूर आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा यांत फरकच उरत नाही आणि भरपाईचा दावा तिथेच मरतो.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे आहे. घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, श्वास कोंडणे, यांतले काहीही दिसले तर लिंबू-ताकात वेळ घालवू नका. भिजलेले कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, दवाखाना गाठा. लेबलासह बाटली सोबत न्या, कारण प्रत्येक विषाचा उपचार वेगळा असतो आणि पॅराक्वाटसारख्याला उताराच नाही. केसपेपरवर 'मजुरीने फवारणी करताना विषबाधा' हे शब्द, शेतमालकाचे नाव आणि गट नंबर लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.