उभ्या गाडीची बॅटरी

गाडी वापरली नाहीं म्हणजे ती झिजत नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. बॅटरीच्या बाबतींत तो खरा नाहीं, हें सन २०२० च्या टाळेबंदीनें मुंबईकरांस दाखवून दिलें. मार्चअखेर गिरगांवच्या वाड्यांत, दादरच्या गल्ल्यांत व परळ-लालबागच्या चाळींपुढें उभ्या राहिलेल्या कित्येक मोटारी जूनमध्यें किल्ली फिरवितांच मुक्या राहिल्या. त्या चाळींत आपलेच भाऊबंद राहतात. त्यांचा हा अनुभव आपण ध्यानीं घेण्यासारखा आहे. मुंबईवर असा प्रसंग क्वचित् येतो. आपला ट्रॅक्टर मात्र दरवर्षीं दोन हंगामांच्या मध्यें टाळेबंदींतच असतो.

शिशाची आम्लयुक्त बॅटरी कोणी न वापरतांही आपोआप उतरते, व उष्णतेनें तो वेग वाढतो. शिवाय नव्या गाड्यांतील घड्याळ, चोरघंटा व संगणक हे गाडी बंद असतांही वीज घेतात. ही गळती ५० मिलिअँपिअर धरली तरी दिवसास १.२ अँपिअर-तास होते. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी २० दिवसांत निम्म्याहून अधिक रिती होते. जुन्या ट्रॅक्टरांत ही गळती अल्प; तथापि पत्र्याच्या तापलेल्या छपराखालीं आपोआप उतरणें कांहीं चुकत नाहीं. उतरलेली बॅटरी तशीच ठेविली म्हणजे आंतील प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचे कठीण कण बनतात, आणि मग ती पूर्ण भरत नाहीं.

"आम्ही अधूनमधून पांच मिनिटें इंजिन चालवितों," असें कोणी म्हणेल. आमच्या मतें हा उपाय अपुरा आहे, कारण जागच्या जागीं मंद चालणाऱ्या इंजिनानें बॅटरी फारशी भरत नाहीं. आठवड्यांतून अर्धा तास गाडी खरोखर चालवावी. तें शक्य नसल्यास बॅटरीच्या ऋण टोंकाची तार सोडवून ठेवावी, व महिन्यांतून एकदां मोकळ्या हवेंत चार्जरवर बॅटरी भरून घ्यावी. दाब १२.४ व्होल्टांखालीं गेल्यास विलंब करूं नये. पाणी घालावयाच्या बॅटरींत शुद्ध डिस्टिल्ड पाणीच घालावें, विहिरीचें नव्हे.

चार्जर व व्होल्टमीटर प्रत्येकानें विकत घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. गांवच्या सोसायटीनें एक संच ठेविला तरी सर्वांचें काम भागेल. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. ऐन पेरणींत ट्रॅक्टर अडला तर होणारें नुकसान बॅटरीच्या किंमतीहून कितीतरी मोठें. म्हणून मृगापूर्वीं बी-खतांची जी यादी आपण करतों, तींत बॅटरीची तपासणीही लिहावी, अशी आमची सर्व ट्रॅक्टरधारकांस आग्रहाची सूचना आहे.